जसिंता विचारते, त्यांना बाहेर काढता येईल का?

आमच्याकडे वसईत रोजरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, म्हणताना दर दहा ‘नमो मरिया’ झाल्या की एक छोटी प्रार्थना येते. हे माझ्या येशू, आमच्या पापांची क्षमा कर, नरकाच्या आगीपासून आम्हांला राख, सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने, विशेष करून ज्यांना तुझ्या दयेची जास्त गरज आहे त्यांना. शब्द चर्चगणिक थोडे इकडेतिकडे होतात, आशय हाच. संध्याकाळी आत कुकर आणि बाहेर शेजाऱ्यांचा टीव्ही चालू असताना ती इतक्या झपाट्यात म्हटली जाते, की नरक कधी आला आणि कधी गेला ते कळतही नाही.

ही प्रार्थना 1917 सालच्या पोर्तुगालमधली, फातिमा नावाच्या गावची. तीन मेंढपाळ मुलांना मरियामातेच्या एका दर्शनात नरक दाखवला गेला आणि त्याच भेटीत ती शिकवली गेली. फातिमाची गोष्ट माहीत नाही असं कॅथलिक घर वसईत सापडायचं नाही. पण मी जी गोष्ट ऐकत मोठी झाले ती, आणि त्या तिघांतल्या लुसियाने मोठेपणी लिहिलेल्या आठवणी, ह्यांत बराच फरक आहे. आमच्यापर्यंत आगीचा भाग व्यवस्थित पोचला. आग पाहिल्यावर पोरं काय बोलली, तो भाग वाटेत कुठेतरी गळला.

मी रविवारी तिसरीच्या मुलांना धर्मशिक्षण देते, म्हणजे पहिल्या कम्युनियनची (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची) बॅच. यंदा एका आईने वर्ग सुटल्यावर मला गाठलं. “टीचर, तुम्ही पोरांना नरक नीट शिकवत नाही का? आमचा घरी कशालाच भीत नाही.” पावसात उभ्या उभ्या काय सांगणार? घरी येऊन लिहायला बसले, आणि ते लांबलंय.

आधी पोरं कोण होती ते. फातिमाजवळ अल्जुश्त्रेल नावाची वाडी. लुसिया 10 वर्षांची, तिची आतेभावंडं फ्रान्सिस्को 9 आणि जसिंता 7. घरची मेंढरं चारायला न्यायची, दुपारी भाकरतुकडा खायचा आणि खेळायचं. जेवणानंतर रोजरी म्हणा, असं घरून सांगितलेलं. ती त्यांनी कशी आटोपती घेतली हे लुसियाने स्वतः लिहून ठेवलंय. दर मण्याला अख्खी प्रार्थना म्हणण्याऐवजी फक्त ‘नमो मरिया, नमो मरिया’ एवढे दोनच शब्द, आणि दशक संपलं की नुसतं ‘आमच्या बापा’. दोन मिनिटांत पन्नास मणी संपले, चला खेळायला! पुढे जाऊन ह्यातली दोघं संत झाली, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. पोरं इतकी खूश होतात की विचारू नका.

रात्री ही तिघं चांदण्या मोजायची. चांदण्या म्हणजे देवदूतांचे कंदील, चंद्र हा मरियामातेचा दिवा आणि सूर्य प्रभूचा. जसिंताला मरियामातेचा दिवा जास्त आवडायचा, कारण तो भाजत नाही आणि त्याच्याकडे बघताना डोळेही दिपत नाहीत. मेंढरांच्या कळपात ती मधोमध चालायची. कुणीतरी दिलेल्या पवित्र चित्रात येशू तसाच चालतो म्हणून.

चित्रावरून आठवलं. आमच्या जुन्या घरात भिंतीवर कार्मेल मातेची तसबीर होती. वर माता आणि बाळ, खाली ज्वाळांत कमरेपर्यंत बुडालेली माणसं, हात वर केलेली. ते शुद्धिस्थानातले आत्मे, म्हणजे शिक्षा भोगून एक ना एक दिवस स्वर्गात जाणारेच. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तो नरकच वाटायचा. रोजरी लांबली की मी त्यातल्या एका टक्कल पडलेल्या माणसाकडे बघत बसायचे. तो आमच्या रेशनवाल्यासारखा दिसायचा. नरकाबद्दल माझ्या डोक्यात जे काही आहे त्याची सुरुवात त्या टकल्यापासून होते.

लुसियाच्या डोक्यात काय होतं तेही आपल्याला कळतं. तिची आई मारिया रोझा वाडीतल्या मुलांना घरीच कॅटेकिझम शिकवायची, म्हणजे बाई माझ्याच धंद्यातली. 1935 मध्ये लिहिलेल्या पहिल्या आठवणींत लुसिया एक प्रसंग सांगते. जसिंता विचारते, नरक म्हणजे काय गं? लुसिया म्हणते, मोठ्ठा खोल खड्डा, त्यात जंगली जनावरं आणि प्रचंड आग. माझी आई तरी असंच सांगते. पाप करून पापनिवेदन न केलेली माणसं तिथे जातात आणि कायमची जळतात. जसिंता म्हणते, तिथून परत कधीच येत नाहीत? नाही. खूप खूप वर्षांनीसुद्धा? नाही, नरक संपतच नाही. आणि स्वर्ग? तोही संपत नाही.

हे ‘संपत नाही’ जसिंताच्या डोक्यात रुतून बसलं. खेळता खेळता ती मध्येच थांबायची आणि विचारायची: खूप वर्षांनी तरी नरक संपत असेल ना? जळतात ती माणसं मरत कशी नाहीत? त्यांची राख होत नाही का? आणि आपण त्यांच्यासाठी पुष्कळ प्रार्थना केली, तर प्रभू त्यांना तिथून बाहेर काढणार नाही का?

सात वर्षांची पोर हे विचारते. चर्चमधल्या मोठमोठ्या पंडितांनी ह्याच प्रश्नावर शतकं घालवली आहेत. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने शेवटी सगळेच देवाकडे परततील अशी आशा मांडली, आणि मरून गेल्यावर सहाव्या शतकात चर्चने त्याचं नाव पाखंड्यांत घातलं. जसिंताला ओरिजेन कुठला माहीत असायला. तिचा हिशेब साधा होता: माणसं आत अडकलीत, तर काढायची कशी ते बोला.

आता 13 जुलै 1917. कोवा दा इरिया म्हणजे लुसियाच्या घरच्यांचं माळरान. तिथल्या एका लहानशा सदाहरित ओकवर मे महिन्यापासून दर 13 तारखेला पांढऱ्या वस्त्रातली, प्रकाशाची बाई दिसते असं मुलं सांगत होती. त्या दिवशी बाईने हात उघडले, त्यातून निघालेला प्रकाश जमिनीत शिरला आणि खाली आगीचा समुद्र दिसला, असं लुसिया लिहिते. त्यात सैतान आणि माणसांच्या आकाराचे आत्मे, पारदर्शक निखाऱ्यांसारखे, काळे किंवा तांबूस. आतूनच निघणाऱ्या ज्वाळांनी ते वर उचलले जायचे आणि मोठ्या आगीतल्या ठिणग्यांसारखे कुठेही पडायचे, वजन नसल्यागत, तोल नसल्यागत. किंकाळ्या. सैतान ओळखू यायचे ते भयानक, कधी न पाहिलेल्या जनावरांच्या रूपावरून. हे सगळं क्षणभर. त्या वेळी लुसिया ओरडली आणि ते जवळच्या लोकांनी ऐकलं. तुम्हांला स्वर्गात नेईन असं वचन आधीच मिळालेलं नसतं, तर आम्ही भीतीने मेलो असतो, असं तिनेच लिहिलंय.

हा मजकूर तिने लिहिला 31 ऑगस्ट 1941 ला. म्हणजे 24 वर्षांनी, 34 वर्षांची नन झाल्यावर, स्पेनमधल्या तुयच्या मठातून. 1917 मध्ये मुलं एवढंच म्हणत होती की आमच्याकडे एक गुपित आहे आणि ते सांगायचं नाही. गुपित काढून घ्यायला त्याच ऑगस्टमध्ये तालुक्याच्या प्रशासकाने तिघांना उचलून नेलं, डांबलं, उकळत्या तेलात टाकीन म्हणून धमकावलं. राजेशाही जाऊन 1910 मध्ये आलेलं ते सरकार चर्चवर खार खाऊन होतं. पोरं बधली नाहीत. तेलाची धमकी ऐकूनही न बोलणाऱ्या पोरांनी काही बनावट रचलं होतं, हे मला पटत नाही.

पण 24 वर्षांच्या अंतराचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो चर्चबाहेरच्याच लोकांनी विचारला असंही नाही. बेल्जियमचे जेज्वीट धर्मसंघातले पंडित एदुआर धानिस ह्यांनी 1944 मध्ये 1917 ची फातिमा आणि लुसियाने नंतर लिहिलेली फातिमा अशा दोन वेगळ्या काढल्या. दुसरीबद्दल त्यांना शंका होत्या. त्यावरून भक्तमंडळी त्यांच्यावर अजून चिडलेली आहेत. मला धानिस ह्यांचं म्हणणं वाचून धक्का वगैरे बसला नाही. आईने सांगितलेला जनावरांचा खड्डा आणि दर्शनातली कधी न पाहिलेली जनावरं एकमेकांच्या शेजारी ठेवली, की नातं दिसतंच. खुद्द व्हॅटिकनने 2000 च्या जूनमध्ये मुलांच्या त्या गुपिताचा तिसरा भाग जाहीर केला, तेव्हा कार्डिनल राट्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट) ह्यांनी सोबतच्या टिपणात सांगितलं, की अशी दर्शनं पाहणाऱ्याच्या कुवतीतून आणि त्याच्या ओळखीच्या प्रतिमांतून उतरतात; गुपिताच्या शेवटच्या काही प्रतिमा लुसियाने भक्तिपुस्तकांत पाहिलेल्या असू शकतील. मुलांनाच अशी दर्शनं का होतात, त्याचंही कारण ते सुचवतात: त्यांचं मन अजून फारसं ढवळलेलं नसतं.

म्हणजे टकल्या रेशनवाला माझ्या दर्शनात आला असता, तर चर्चची हरकत नव्हती.

श्रद्धेच्या बाजूने सांगायचं तर, फातिमाच्या भागाचे, म्हणजे लेरियाचे, जे बिशप होते त्यांनी 1930 मध्ये ही दर्शनं विश्वासार्ह ठरवली. तरी ते ‘खासगी प्रकटीकरण’. मानलंच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही. मी मानते. का, ते आता येईल.

नरक पाहिल्यावर मुलं काय करतात? माझ्या लहानपणच्या गोष्टीत मुलं घाबरतात, शहाणी होतात, गुडघे टेकून बसतात. गोष्ट संपली, तुम्हीपण शहाण्यासारखं वागा. लुसियाच्या आठवणींत जसिंता दगडावर बसून म्हणते, नरकात जाणाऱ्या माणसांची मला किती कीव येते! जिवंत जळतात, लाकडं जळतात तशी. मग विचारते, मरियामाता हे सगळं पाप करणाऱ्यांना का दाखवत नाही? त्यांनी पाहिलं तर ते पाप करणारच नाहीत. तू सांग तिला, सगळ्यांना दाखव म्हणून. पुढे लुसियाला विचारते, विचारलंस का? लुसिया म्हणते, विसरले. तर ही म्हणते, मीही विसरले.

दुसऱ्या एका ठिकाणी ती विचारते, अशी कुठली पापं केली की नरकात जातात? लुसिया अंदाजाने यादी देते: रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) न जाणं, चोरी, घाणेरडं बोलणं, शिव्याशाप. म्हणजे एका शब्दासाठीसुद्धा माणूस नरकात जातो? पापच आहे ते! मग त्यांनी गप्प बसावं की, मिस्साला जावं की, त्यात काय कठीण आहे! ह्या संवादातलं लॉजिक माझ्या वर्गातलं आहे. तिसरीतली पोरं अशीच वाद घालतात.

आणि लुसिया तिला समजावायला म्हणते, घाबरू नकोस, तू स्वर्गात जाणारेस. जसिंता शांतपणे म्हणते: हो, जाणार आहे, पण ती सगळी माणसंही तिथे यायला हवीत.

माझ्या मते फातिमाच्या नरकदर्शनाचं सार इथे आहे. पोरीचं तिकीट पक्कं झालेलं आहे. भीती तिला स्वतःसाठी उरलेली नाही. जे काही वाटतं ते दुसऱ्यांसाठी. आणि ती प्रार्थनाही तेच म्हणते, ‘सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने’. नीट वागणाऱ्यांना ने आणि बाकीच्यांचं बघून घे, असं नाही म्हटलेलं. ज्यांची अवस्था सगळ्यात वाईट, त्यांचं नाव विशेष करून घेतलेलं आहे. मी ही प्रार्थना लहानपणापासून म्हणतेय आणि ती नेहमी स्वतःच्या बचावासाठीच म्हटली. घरात शिकवलंच तसं होतं.

आता जे मला खुपतं तेही लिहिते. ही कीव पोरांनी पोटाला चिमटा काढून निभावली. पापी लोकांसाठी त्याग करा, असं बाईने सांगितलेलं. पण त्याग करायचा कसा? फ्रान्सिस्कोने लगेच तोडगा काढला, आपलं जेवण मेंढरांना देऊ. दिलं. पुढे भीक मागत फिरणारी मुलं भेटू लागली, मग जेवण त्यांना. स्वतः ओकची कडू फळं खायची. कडू आहेत गं, असं लुसियाने म्हटलं तर जसिंता म्हणे, कडू आहेत म्हणूनच खाते. भर उन्हाळ्यात एकदा लुसिया एका घरून पाण्याचा घडा मागून आणते, तर फ्रान्सिस्को पीत नाही, जसिंता पीत नाही, शेवटी तीही पीत नाही आणि पाणी खडकातल्या खळग्यात मेंढरांसाठी ओतते. उन्हाने जसिंताचं डोकं ठणकायला लागतं. रातकिडे आणि बेडूक ओरडत असतात. ती अगदी सहजपणे म्हणते, त्यांना सांग ना गप्प बसायला! फ्रान्सिस्को आठवण करून देतो, हे तुला पाप्यांसाठी सोसायचं नाही का? ती डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणते, हो, सोसायचंय. गाऊ दे त्यांना.

हा प्रसंग वाचताना मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते सांगता येत नाही. माझ्या वर्गातल्या पोराने पाणी प्यायचं सोडलं तर मी तडक त्याच्या घरी जाईन. ह्या तिघांनी दोरखंड कमरेला बांधला होता, तोही झोपताना बांधू नका असं त्या बाईला सप्टेंबरमध्ये सांगावं लागलं. निदान एवढं तरी सांगितलं, असं मनात येतं.

आणखी एक ठसठस. पहिल्याच भेटीत, मे महिन्यात, लुसिया गावातल्या दोन वारलेल्या मुलींची चौकशी करते. एक स्वर्गात आहे. दुसरी, आमेलिया, जगाच्या अंतापर्यंत शुद्धिस्थानात राहील. विशीच्या आसपासची पोर, तिने असं काय केलं असेल? ह्या एका ओळीवर भल्याभल्यांनी सारवासारवी केली आहे. कुणाचं समाधानकारक वाटत नाही. मी ती वर्गात वाचत नाही, आणि वाचणारही नाही. ह्याच भेटीत स्वतःबद्दलचे प्रश्न मात्र ठेवणीतले आहेत. मी स्वर्गात जाईन का? जाशील. जसिंता? तीही. फ्रान्सिस्को? तोही, पण त्याला पुष्कळ रोजऱ्या म्हणाव्या लागतील. दोन शब्दांत रोजरी उरकणाऱ्याला बरोबर पकडलं!

स्वर्गाचं काय दिसलं ह्यांना? फार थोडं. नरकाला समुद्र आहे, निखारे आहेत, जनावरं आहेत; स्वर्गाला फक्त उजेड. बाईच्या हातांतून आलेल्या त्या उजेडात आपण स्वतः दिसलो, असं लुसिया म्हणते. फ्रान्सिस्कोला बाईचं बोलणं कधीच ऐकू आलं नाही, नुसतं दिसायचं. लुसिया आणि जसिंता त्याला नंतर सांगायच्या. नरकाचा धसका त्यालाच सगळ्यात कमी बसला. तो उजेड मात्र त्याच्या डोक्यातून गेला नाही. तो म्हणतो, देव म्हणजेच असलेल्या त्या उजेडात आपण पेटलेलो होतो आणि तरी भाजलो नाही. देव कसा आहे? ते आपल्याला सांगताच येणार नाही.

पेटून न भाजणं ह्यावरून मला नेहमी केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 च्या जूनअखेरीस प्रार्थनेची जी लाट आली, त्यात एका मुलीवर आग उतरलेली पाहून सोबतची बाई पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिकत तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स ह्यांनी लिहिली आहे. मुलगी जळत नव्हती. त्या दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या आपल्याच मराठी पोरी, पंथही वेगळा. फ्रान्सिस्कोच्या बारा वर्षं आधी. ह्यातून मी काही सिद्ध करत नाहीये, पण बादली घेऊन धावणारी बाई मला फार जवळची वाटते.

मी वर्गात एकदा ‘स्वर्ग आणि नरक काढा’ असं सांगितलं होतं. एकाने स्वर्ग म्हणून विरार फास्ट काढली, प्रत्येक डब्यात एकच माणूस, तोही खिडकीत. एकीने आजोबा आणि त्यांचा कुत्रा काढला. कुत्रा आजोबांपेक्षा मोठा. नरकात बऱ्याच जणांनी शिंगंवाले काढले, मोबाइलवरच्या गेममधले. पण एका पोराने वर्ग काढला होता, फळ्यावर पेपर, आणि बाकावर तो. मी म्हटलं, ही तर परीक्षा. तो म्हणाला, “हो टीचर, पण पेन चालत नाहीये.” त्या पोराला नरकाची व्याख्या शिकवायची गरज नाही. गर्दीत दारात लटकणारा बाप पाहिलेल्याला स्वर्ग रिकामा दिसतो, आणि मारिया रोझाच्या मुलीला खड्ड्यात जनावरं दिसतात. ज्याच्या त्याच्या पदरात जे आहे त्यातूनच तो पाहणार.

मुलांच्या तोंडच्या स्वर्गाचं मोठी माणसं काय करतात, ह्याचा अलीकडचा नमुना अमेरिकेतला आहे. ओहायोत 2004 मध्ये एक 6 वर्षांचा मुलगा मोटार अपघातात जबर जखमी झाला, बरेच दिवस कोमात होता, आणि अंग लुळं पडलं. त्याने स्वर्ग पाहिला म्हणून 2010 मध्ये बाप-लेकाच्या नावाने पुस्तक आलं आणि धो धो खपलं. 2015 च्या जानेवारीत, मोठा झालेल्या त्या मुलाने जाहीर पत्र लिहिलं: मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लोक लक्ष देतील म्हणून तसं म्हणालो होतो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. माझा त्या मुलावर काडीचा राग नाही. सहा वर्षांचं पोर खाटेवर पडून काहीही सांगेल. ते छापायचं का, हे ठरवणारी माणसं सहा वर्षांची नव्हती.

फातिमाची पोरं उलट लपायची. रस्त्यात भाविक विचारायचे, ती मेंढपाळ मुलं कुठे राहतात हो? ही तिघं स्वतःच्याच घराचा पत्ता अगदी बरोबर सांगायची आणि कुंपणामागे पसार व्हायची. लुसियाच्या आईने तर पोर खोटं बोलते म्हणून केरसुणीच्या दांड्याने बडवलंय तिला. घरून शाबासकी नाही, पैसा नाही, आणि लवकरच आयुष्यही नाही. स्पॅनिश फ्लूने फ्रान्सिस्को 4 एप्रिल 1919 ला गेला. जसिंताला छातीत पू झाला, लिस्बनच्या इस्पितळात पुरती भूल न देता दोन बरगड्या काढल्या, आणि 20 फेब्रुवारी 1920 च्या रात्री ती गेली. जवळ घरचं कुणी नव्हतं. दहावं वर्षही पुरं झालं नव्हतं. लुसिया मात्र 97 वर्षांची होऊन 2005 मध्ये गेली.

त्या दोघांना संत करायचं की नाही, ह्यावर चर्च कितीतरी वर्षं अडलं होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1937 मध्ये पोप अकरावे पायस ह्यांनी लहान मुलांचे असे प्रस्ताव घेऊ नका असं ठरवलं. एवढ्या लहान वयात कुणाचा सद्गुण पारखला जाणार, असा मुद्दा. 1981 मध्ये तो विचार बदलला. 13 मे 2017 ला फातिमातच पोप फ्रान्सिस ह्यांनी दोघांना संत घोषित केलं. हौतात्म्य न येता संत झालेल्यांत हे सगळ्यात लहान. गंमत म्हणजे सात वर्षांचं मूल समजून कम्युनियन घेऊ शकतं, हे पोप दहावे पायस ह्यांनी 1910 च्या ऑगस्टमध्येच ठरवून टाकलं होतं, जसिंता पाळण्यात असताना. त्या हुकमामुळेच माझ्या बाकांवर आज तिच्या वयाची पोरं बसतात.

तर, ताई, तुम्ही विचारलंत, नरक शिकवत नाही का? शिकवते. येत्या 13 जुलैनंतरच्या रविवारी फातिमाची गोष्ट आहे, आगीसकट. पण जसिंताच्या प्रश्नांशिवाय ती आग मी वर्गात आणणार नाही. तुमचा मुलगा घरी येऊन “त्यांना बाहेर कसं काढायचं” असं विचारू लागला, तर मी माझं काम केलं असं समजा. तो गृहपाठ करत नाही, मोबाइल सोडत नाही, उलट बोलतो, त्याचा बंदोबस्त तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. त्यासाठी नरक उसना देता येणार नाही.

आणि पापनिवेदनाची तालीम त्याच रविवारी मिस्सानंतर आहे. वही पाठवा. मागच्या वेळी अर्ध्या वर्गाकडे पेन्सिलसुद्धा नव्हती.